शिपायाची टोपी

बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या या मंडळीत एक कायदा होता, आणि तो सासऱ्यांनी घालून दिला होता. खेळाच्या दिवशी जिच्या गळ्यावर खेळ उभा, तिनं सकाळपासून पडदा उघडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. इतरांनीही तिला काही विचारायचं नाही, कारण विचारलं की माणूस उत्तर देतो. जिभेला हाड नसतं ते असं.

मंडळी म्हणजे तरी कोण, घरचीच चौघं. सासरे, त्यांचा मुलगा, मुलगी आणि सून. सून मांजराचा, म्हातारीचा आणि शिपायाचा असे तिन्ही आवाज काढायची, म्हणून गळा तिचा आणि मौनही तिचंच. आणि नेमका तोच गळा गेले काही दिवस कोरड्या खोकल्यानं खरवडून निघाला होता. आज दुपारी मोठ्या सभागृहात खेळ होता. शाळाच्या शाळा येणार होत्या. मांजर बोलायच्या ऐवजी खोकलं तर काय घ्या, हीच सकाळपासून सगळ्यांच्या पोटात भीती.

सगळ्यांच्या पोटात, पण प्रत्येकानं ती एकट्यानंच बाळगलेली. घोळ तिथंच झाला.

सकाळी नवरा खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आला. बाटलीवर उपडं घातलेलं मापाचं झाकण जागेवर नव्हतं. त्यानं कपाटावर पाहिलं, कपाटाखाली पाहिलं, शेवटी जेवायचा मोठा चमचा घेतला आणि काठोकाठ भरला. "आ कर," म्हणाला. तिनं आ केला.

थोड्या वेळानं नणंद आली. "वहिनी, ही सर्दी-खोकल्याची गोळी घे. मागच्या वेळी मला एका गोळीत गुण आला होता." सुनेनं हातानं खूण केली, की अगं, घेतलंय मी औषध. नणंदेला वाटलं ती पाणी मागतेय. तिनं पाणी आणून दिलं. ज्या घराचं पोट हातांच्या खुणांवर चालतं, त्या घरात ही गत. सुनेनंही मग फार ताणलं नाही. ते पातळ औषध, ही गोळी, दोन्ही वेगळी असणार, असाच तिचा समज. गिळून मोकळी झाली.

सभागृहात पोचल्यावर पेटाऱ्यातली धूळ उडाली आणि घशात पुन्हा काटा टोचला. पडद्यामागे त्या वेळी कुणी नव्हतं. तिनं बरोबर आणलेली बाटली काढली आणि सरळ एक मोठा घोट घेतला. बूच लावून गुपचूप बाटली जागेवर ठेवली.

खोकला थांबला खरा. पण त्याच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं.

आधी पाय ऐकेनात. ती उभी राहिली की त्यांना चालायचं असे, चालली की बसायचं असे. तिनं बाहुल्या खुंटीवर टांगल्या, काढल्या, पुन्हा टांगल्या. पडद्याच्या फटीतून डोकावून आली. मुलं येऊ लागली होती, खुर्च्या आपटत होत्या. परत आली, पुन्हा डोकावली. कानशिलं तापली होती. छातीत कुणी घाईघाईनं जिना चढत असल्यासारखं होत होतं, आणि पायाखालची फळी कडेनं किंचित वर येतेय असं वाटत होतं. खेळाआधीची धाकधूक असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण ती धाकधूक तिच्या ओळखीची होती. ती पोटात असायची. ही डोक्यात होती, आणि हिला दार सापडत नव्हतं.

तिनं मांजर हातात चढवलं. मांजराची मान थरथरत होती. ती थांबवायला गेली तर जास्तच.

"थंडी वाजतेय की काय याला?" नवरा हसत म्हणाला. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात तोच चमचा. "सुरू व्हायच्या आधी अजून एक चमचा घेऊन टाक. मध्येच ढास लागायला नको."

तिनं मान हलवली. त्यानं चमचा पुढे केला. तिनं मांजराच्याच हातानं तो मागे सारला. तो म्हणाला, "अगं, नखरे कसले, गोड तर आहे." पलीकडून सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं, की शब्द नको. चमच्यातलं औषध हिंदकळत होतं आणि तिला ते तीन ठिकाणी दिसत होतं.

"नको," ती म्हणाली.

पेटाऱ्यावर बसलेले सासरे उभे राहिले. इतक्या वर्षांत हा कायदा कुणी मोडला नव्हता.

"मला काहीतरी होतंय," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "सकाळी तुम्ही चमचा दिलात. मग हिनं गोळी दिली. मग मी बाटलीतून घोट घेतला. आता हे चौथं."

"गोळी? कसली गोळी?" नवरा म्हणाला.

"चमचा? दादा, तू औषध दिलं होतंस तिला?" नणंद म्हणाली.

"मला कुणी सांगितलं नाही."

"मला कुणी विचारलं नाही."

"विचारायचं नाही असा आपला कायदाच आहे," सून म्हणाली आणि पेटाऱ्यावर मटकन बसली.

सासरे पुढे आले. त्यांनी चमचा मुलाच्या हातातून घेऊन खिडकीबाहेर रिकामा केला. "समोर दवाखान्याची पाटी आहे," ते म्हणाले. "बाटली घ्या, गोळीचं पाकीट घ्या. दोघंही जा हिच्याबरोबर. मुलांना मी सांभाळतो."

डॉक्टरबाईंनी आधी नाडी धरली, मग दाब पाहिला, डोळ्यांवर बॅटरी मारली. बाटली आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. सून खुर्चीत बसूनही गुडघा हलवत होती.

"रोजच्या काही गोळ्या चालू आहेत? मन उदास असतं म्हणून वगैरे?"

"नाही."

"बरं झालं. तशा असत्या तर मी तुम्हाला आत्ता मोठ्या रुग्णालयात धाडलं असतं. खोकल्याबरोबर कफ पडतो?"

"नाही. कोरडाच आहे."

"म्हणजे औषध चुकीचं नव्हतं. कफ असता तर तो दाबायचा नसतोच, बाहेर येऊ द्यायचा असतो. हे बघा." त्यांनी दोन्ही नावांवर बोट ठेवलं. "वर नावं वेगळी, पण आतला खोकला दाबणारा घटक एकच. तुम्ही तीन वेळा तेच घेतलंत, आणि दोनदा तर मापाशिवाय. एकाच पाहुण्याला तीन दारांनी आत घेतल्यासारखं झालं. मापाचं झाकण कुठंय याचं?"

नवऱ्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं जमिनीकडे पाहिलं.

"शिपायाच्या डोक्यावर," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"बाहुलीच्या. बाटली घरात आली त्याच दिवशी मी काढून घेतलं. त्याच्या डोक्याला अगदी बरोबर बसलं. लाल रंगवलं, वर गोंडा लावला. मला वाटलं, झाकणाचं काय, चमचे आहेत की घरात."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. पण हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "घरातला कुठलाही चमचा दुसऱ्यासारखा नसतो. औषधाबरोबर येतं ते माप, बाकी सगळा अंदाज. आणि ही बाटली लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. चार दिवसांत खोकला हटला नाही किंवा ताप आला, तर दुसरी बाटली न आणता माझ्याकडे या."

त्यांनी तिला तिथंच बसवून ठेवलं, पाणी पाजलं, पुन्हा नाडी पाहिली. छातीतला माणूस जिना चढायचा थांबला नव्हता, पण आता पायऱ्या मोजून चढत होता.

"आज यातलं काही नाही. रंगमंचावर चढायचं नाही. एकटीला सोडू नका," त्या म्हणाल्या. "झोपाळल्यासारखं झालं, श्वास मंद झाला, उलट्या झाल्या किंवा बोलणं बरळल्यासारखं वाटलं, तर माझी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. आणि हिला बोलतं ठेवा. बोलणं सरळ आहे ना, त्यावरूनच पहिलं कळतं."

खेळ उशिरा सुरू झाला. नणंदेनं मांजर घेतलं, नवऱ्यानं म्हातारी आणि शिपाई. सुनेजवळ बसायला एकच माणूस मोकळा उरला, तो म्हणजे कायदा करणारा.

ती आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या या बाजूला बसली. मांजर आलं. नणंदेचा आवाज पहिल्याच वाक्याला चिरकला, मुलं खिदळली. सुनेची बोटं मांडीवर आपोआप हलू लागली. इथं मान वळव, आता मागे सरक, अगं, शेपटी. तिनं एका हातानं दुसरा धरून ठेवला. तर धरलेलाही हलायला लागला.

सासरे तिच्या कानाशी झुकले. त्यांना काय विचारावं ते सुचत नव्हतं. सवयच नव्हती.

"बोल काहीतरी," शेवटी ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. गरगरतंय का?"

"कमी आहे. बाबा, ती शेपटी उलटी धरतेय."

"धरू दे. अजून बोल."

तेवढ्यात शिपाई आला, बोडका. चकचकीत लाकडी डोकं दिव्यात उजळलं. त्याचं झाकण नणंदेनं घासून, गोंडा काढून बाटलीवर चढवलं होतं. तरी लाल रंग कडेला थोडा राहिलाच होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी मागे वळली. हा खेळ तिनं आधी पाहिलेला असावा, कारण तिचा चेहरा फसवलं गेल्यासारखा झाला होता.

"याची टोपी कुठे गेली?"

सुनेनं तोंड उघडलं. खेळ चालू असताना प्रेक्षकांशी बोलायचं नाही, हे हाडांत मुरलेलं. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"तिला दुसरं काम लागलं," ती म्हणाली, आणि मग आली ती कोरडी, खरवडणारी उबळ. तिनं ती रुमालात पुरी खोकून घेतली.

"शू," मुलगी म्हणाली.

सासरे पुन्हा तिच्या कानाशी झुकले. मग आवाज आणखी खाली नेऊन विचारलं, "पाणी हवंय?"

"शू," मुलगी पुन्हा म्हणाली, या वेळी त्यांना.

"हवंय," सून म्हणाली. तिची बोटं अजून मांडीवर मांजर नाचवत होती.