सतरा कॉक

कोंडीरामने सातवा कॉक बंद केला आणि फोन कानाला लावला.

"काका, चालूच आहे अजून!" तिसऱ्या मजल्यावरून मिनल म्हणाली. ती सोसायटीची सेक्रेटरी. "शालनबाईंच्या घरातला पाइप फुटलाय, पाणी पलंगाखाली गेलं. त्यांना उठवताही येत नाही."

संत तुकाराम नगरातल्या त्या इमारतीच्या गच्चीवर सतरा कॉक होते. सोळा घरांचे आणि एक तळातल्या खोलीचा, जिथे कोंडीराम राहायचा. मेन कॉक जाम झालेला. त्याची बायको सरूबाई असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. अकरा वर्षं ती जिने आणि गच्ची झाडत होती. कोंडीराम कंपनीतला जुना फिटर. पान्हा त्याच्या हातात असायचा, पण कुठला कॉक ते तीच दाखवायची. ती वारली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही आठवडा झाला होता. ती गेल्यावर काय काय गेलं, ते त्याला आज कळलं.

तेराव्या कॉकला पाणी थांबलं.

मिनल धापा टाकत वर आली. "काकूंना कसं कळायचं हो?"

कोंडीरामने कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिलं. गच्चीला रंग द्यायचा म्हणून कालच त्याने सरूबाईने कॉकवर बांधलेल्या चिंध्या कापून त्यात भरल्या होत्या. तो तिला नेहमी म्हणायचा, "चिंध्यांचं दुकान मांडलंस व्हय गं?"

"असू द्या की. तुमच्याकडं खायला मागत्यात का?"

तेराव्या कॉकवरची एक चिंधी कापायची राहून गेली होती. मिनलने ती हातात घेतली. हिरवी. मोकळ्या टोकाला तीन गाठी.

"तिसरा मजला, काका."

कोंडीरामने पोतं उपडं केलं. हिरव्या आणखी तीन निघाल्या. एक गाठ, दोन गाठी, चार गाठी. मग लाल, पिवळ्या, जांभळ्या, तशाच. गाठी मजल्याच्या, रंग घराचा. एका मजल्यावर चार घरं, चार साड्या.

"अक्षर येत नव्हतं तिला," तो म्हणाला. "आन् मी कधी इचारलंच न्हाई."

दोन दिवस तो एकेक कॉक बंद करत गेला, मिनल घरोघर फोन करून कुणाचं पाणी गेलं ते विचारत गेली.

"नंबरही टाकू या, काका."

"टाका. पण चिंध्या काढायच्या न्हाईत."

सोळा चिंध्या आपापल्या जागी गेल्या. पोत्यात एक उरली. पांढरी, तिच्या लग्नातल्या साडीच्या काठाची. गाठ एकही नाही. तळातल्या खोलीची.

ती अजून बांधायची राहिली आहे.