रिकामं असलं तरी

ऑर्बिन मेला फेब्रुवारीत, आणि संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर बूट झाडल्याचा आवाज यायला लागला सप्टेंबरात. मधल्या महिन्यांत त्याची बायको व्हर्नेल इतकी गाढ झोपली की तिची तिलाच लाज वाटायची. मग एका संध्याकाळी ती बीन्सचं भांडं चुलीवरून उतरवत होती, तेवढ्यात पायरीवर धपधप झालं, चिखल झाडावा तसं. मागोमाग खोकला, खाणीतून वर आलेल्या माणसाचा, छातीच्या तळातून ओढलेला. दार काही उघडलं नाही. भांडं गार होईपर्यंत व्हर्नेल ते हातात धरून उभीच होती.

आता कुणी म्हणेल, भास. म्हणा बापडे. टर्की क्रीकच्या खोऱ्यात मेलेली माणसं येतात-जातात, त्याचं कुणाला एवढं कौतुक नाही. माझ्या आजीचा मामा कोंबड्या मोजायला यायचा. पण हा यायचा तो नेमका जेवायच्या वेळेला, आणि यायचा तो रोज. व्हर्नेलच्या घशाखाली घास उतरेना. कपडे अंगावर लोंबायला लागले.

"ताई, रॅकून असेल, खरकटं धुंडाळत आलेलं," धाकटी बहीण रेव्हा म्हणाली.

"रॅकून खोकतं?"

"मग ती नशेच्या गोळ्या खाऊन फिरणारी कार्टी असतील. तांब्याच्या तारा चोरतात मेली. तू एकटी, खोऱ्याच्या पार टोकाला. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाहीस. निदान एखादं पिस्तूल तरी घे."

ऑर्बिन स्टिडमच्या घरात पिस्तूल नाही, हे ऐकून कुणालाही हसू आलं असतं. भिंतभर बंदुका होत्या त्याच्या. पण आमच्याकडची रीत अशी, की बंदुका मुलग्यांना जातात, रजया आणि भांडी मुलींना. विधवेला काय राहतं, तर भिंतीवरचे खिळे. पुरून आले त्याच दुपारी मुलगे-पुतणे टेबलाभोवती बसले, शेजारणींनी आणलेलं डुकराचं मांस खाता खाता वाटणी झाली, आणि व्हर्नेल सगळ्यांना कॉफी ओतत राहिली. ऑर्बिनचं कमरेचं रिव्हॉल्व्हर धाकट्या मुलाच्या, ट्रॅव्हिसच्या वाट्याला आलं. ते दाराबाहेर गेलेलं तिनं पाहिलं आणि त्या रात्री ती पोटभर जेवली. का, ते कुणाला सांगितलं नाही. रेव्हालाही नाही.

तर आता दोघी बहिणी होबार्ट साइझमोरच्या बंदुकांच्या दुकानात उभ्या होत्या. होबार्ट ऑर्बिनचा शाळासोबती. दुकानात शेगडीपाशी चार खुर्च्या, तिथं निवृत्त खाणकामगार कॉफी पीत दिवस काढतात. रेव्हाचा नवरा बर्लही पूर्वी तिथंच बसायचा, आता गुडघ्यांमुळे घरात अडकलाय. त्या दिवशी दोघेच म्हातारे होते, आणि दोघांचे कान काउंटरकडे.

"किती आहेत, वहिनी?" होबार्टनं विचारलं.

"तीनशे. रजया विकून आलेत, पुढं एक डॉलर नाही."

"तीनशेत राजा होता येत नाही, पण शिपाई होता येतं. कशासाठी हवंय? साप, चोर, की जावई?"

म्हातारे खुसखुसले.

"भुतासाठी," रेव्हा म्हणाली, आणि व्हर्नेलनं तिला कोपरानं ढोसलं.

"भुताला स्वस्तातलं चालतं," होबार्ट म्हणाला.

रेव्हाचा डोळा आधी गेला एका तळहाताएवढ्या गुलाबी पिस्तुलावर. "अगं ताई, किती गोड. पर्समध्ये मावेल बघ."

"गोड दिसतंय ते," होबार्ट म्हणाला. "जितकं लहान तितकं खेचरासारखं लाथाडतं. एक गोळी झाडशील आणि आठवडाभर मनगट शेकत बसशील." मग त्यानं एक नवंकोरं काढलं, काळं, चपटं. त्याचा वरचा भाग मागं ओढल्याशिवाय गोळी चढत नाही. व्हर्नेलनं ओढलं. तिची बोटं संधिवातानं झाडाच्या मुळांसारखी वाकलेली, ते जागचं हलेना.

"मला लोणच्याची बरणी उघडत नाही, होबार्ट."

"मग चाकवालंच घे. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. चाप दाबला की वाजलं. नाही वाजलं तर परत दाब."

त्यानं एक जुनं रिव्हॉल्व्हर काढलं. निळा रंग उडालेला, लाकडी मूठ घासून गुळगुळीत. गोळ्यांचं चाक बाहेर काढून त्यानं स्वतः पाहिलं, मग तिला दाखवलं. देणाऱ्यानं बघायचं, घेणाऱ्यानंही बघायचं, दोघांनी रिकामं म्हटल्याशिवाय वस्तू या हातातून त्या हातात जात नाही. व्हर्नेलनं घेतलं. जड होतं, पण मूठ नीट बसली. नळी जमिनीकडे धरून तिनं चाप दाबून पाहिला. जमलं.

"हे कुणाचं होतं?"

"बँकेच्या राखणदाराचं. आयुष्यात कधी झाडलं नसेल त्यानं."

"मेलाय तो?"

"मेलाय. पण सज्जन होता, यायचा नाही मागोमाग."

व्हर्नेल हसली, बऱ्याच दिवसांनी. हे घेते म्हणून तिनं तोंड उघडलंच होतं. पण होबार्टला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"थांब जरा, वहिनी," तो म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला.

फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन तो आला. फडकं उलगडायच्या आधीच व्हर्नेलला कळलं.

"ट्रॅव्हिसनं वसंतात विकलं," होबार्ट म्हणाला. "ट्रकचं इंजिन बसलं होतं त्याचं, पोराला नावं ठेवू नको. मी कपाटात मांडलंच नाही. म्हटलं, घरची वस्तू घरी जावी. त्याला जे दिलं तेच दे, दीडशे. माझा एक पैसा नको त्यात."

शेगडीपाशी एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. "मोठा माणूस," तो म्हणाला. "माझं छप्पर त्यानंच घातलं, पैसे घेतले नाहीत." दुसऱ्यानं मान डोलावली. रेव्हाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, बघ गं, भाऊजींचं."

सगळे तिच्याकडे बघत होते, प्रेमानं. हेच वाईट होतं. शिवी दिली असती तर उलटून बोलता आलं असतं, माया करणाऱ्याला काय बोलणार? नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार, आणि मेलेल्याचा अपमान भरल्या दुकानात. हो म्हणायचं तर इतके दिवस पायरीपर्यंतच येणारा आज तिच्याच मांडीवर बसून घरात शिरणार. व्हर्नेलला अख्ख्या जन्मात इतकी भीती वाटली नव्हती. तो जिवंत असतानाही नाही.

होबार्टनं चाक बाहेर काढून दाखवलं. "बघ, रिकामं." मूठ तिच्याकडे करून त्यानं ते काउंटरवर ठेवलं.

व्हर्नेलनं ते उचललं नाही. तर्जनी मुठीला लावून सावकाश फिरवलं, नळीचं तोंड होबार्टच्या पोटासमोर येईपर्यंत. मग थांबली.

होबार्ट चटकन बाजूला सरला. म्हाताऱ्यानं खुर्ची मागं ओढली. "वहिनी, तोंड माणसाकडे नको," होबार्ट म्हणाला.

"रिकामं आहे ना? तूच दाखवलंस."

"रिकामं असलं तरी."

आमच्याकडे पोराला प्रार्थनेच्या आधी हे शिकवतात. त्यावर कुणी वाद घालत नाही.

"मी ह्याच्यासमोर जेवायचे, होबार्ट," व्हर्नेल म्हणाली. तिचा आवाज एवढासा होता, पण दुकानात दुसरा आवाजच नव्हता. "रोज संध्याकाळी. बूट झाडून आत यायचा, मक्याच्या भाकरीशेजारी हे ठेवायचा आणि बोटानं असं फिरवायचा, माझ्याकडे. बोलायचा काही नाही. मीठ मागायचा."

रेव्हानं ताईचा हात धरला. टोपी काढलेल्या म्हाताऱ्याला ती आता हातात जड झाली, कुठं ठेवावी ते कळेना.

"भरलेलं असायचं की रिकामं, ते कधी कळलं नाही," व्हर्नेल म्हणाली. "मला कुणी दाखवलं नाही."

होबार्ट काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाला, "सांगायचा तो."

"काय सांगायचा?"

"इथंच बसून. म्हणायचा, बायकोला सरळ ठेवायला बोलावं लागत नाही, टेबल नीट मांडलं की झालं."

"आणि तुम्ही?"

"आम्ही काय, वहिनी." त्यानं कपाळ चोळलं. "हसायचो."

होबार्टनं तेव्हा खोटं बोलायला हवं होतं. एखादा शहाणा माणूस बोलला असता. पण होबार्ट कधी कुणाशी खोटं बोलला नव्हता, तो फक्त हसत आला होता.

"राखणदाराचं दे," व्हर्नेल म्हणाली.

कागदपत्रं झाली, घेणाऱ्यावर काही गुन्हा नाही ना, ही फोनवरची चौकशीही झाली. "पैसे राहू दे," होबार्ट म्हणाला, तेव्हा तिनं नोटा काचेवर ठेवल्या आणि त्यावर हात दाबून धरला, त्यानं घेईपर्यंत. ऑर्बिनचं रिव्हॉल्व्हर अजून तसंच पडलं होतं, होबार्टकडे तोंड करून. त्याला हात लावायला कुणी धजलं नाही.

गाडीत बसल्यावर रेव्हानं किल्ली फिरवली नाही. ती मुळूमुळू रडत होती. "मला का नाही सांगितलंस गं, ताई?"

रिव्हॉल्व्हरचा खोका मांडीवर घेऊन व्हर्नेल समोर दुकानाच्या खिडकीकडे बघत होती. आत त्या शेगडीपाशी चार खुर्च्या होत्या. हळूहळू तिनं मान वळवली.

"बर्ल बसायचा तिथं," ती म्हणाली.

रेव्हाचं रडणं थांबलं.

"रेव्हा, तुला ठाऊक होतं?"

"एकदाच म्हणाला होता तो." रेव्हा स्टिअरिंगकडे बघून बोलत होती. "मला वाटलं, बाप्यांच्या गप्पा. फुशारकी. ताई, मला खरंच वाटलं गंमत करतोय."

"हसलीस?"

रेव्हानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"मी म्हणायचे," व्हर्नेल म्हणाली, "असेना का घरात एक राक्षस, बाहेर सगळी माझी माणसं आहेत. एक शब्द बोलले असते तर धावून आली असती. तेवढ्यावर मी दिवस काढले गं. मुद्दाम बोलले नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून."

"माझ्याकडे चल," रेव्हा म्हणाली. "आजची रात्र तरी. तो आला तर तू एकटी..."

"तो येऊ दे. त्याला मी ओळखते." व्हर्नेलनं खोका पोटाशी घट्ट धरला आणि दाराकडे सरकून बसली, बहिणीपासून होईल तेवढी लांब. "तू फक्त मला घरी सोड. जेवायची वेळ होत आली."