बिनपाहुण्याची सभा

आता यात आप्पासाहेबांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. माणसानं उभ्या आयुष्यात ज्या पत्रिका बघितल्या, त्यात आधी पाहुण्याचं नाव, मग अध्यक्षाचं, मग उद्घाटकाचं, आणि कार्यक्रम कशाचा ते सगळ्यात खाली बारीक अक्षरात. बारामतीहून आलेल्या पत्रिकेवर मात्र ठळक छापलेलं, 'पुस्तकांचं पुढं काय? या, आपणच बोलू.' पाहुण्याच्या नावाचा पत्ताच नाही. आप्पासाहेबांनी पत्रिका उलटीपालटी केली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "नाव छापलं न्हाय म्हंजी लई वरचा माणूस येणार. बंदोबस्तापायी लपवून ठेवलाय."

आप्पासाहेब गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. गाव इंदापूर तालुक्यातलं, कालव्याच्या पार टोकाचं. संस्थेच्या कार्यालयाला लागून एक खोली होती आणि त्या खोलीत सारजा वाचनालय चालवायची. चालवायची म्हणजे सकाळी झाडलोट करायची, दुपारी बायकांना पुस्तकं बदलून द्यायची आणि संध्याकाळी दूध घालायला आलेल्यांच्या हातात नको नको म्हणत असताना एखादं पुस्तक कोंबायची. सगळं बरं चाललं होतं. पण सत्त्याण्णव साली इंदापुरात केबल आली आणि संचालक मंडळाच्या डोक्यात रंगीत टीव्ही शिरला. टीव्ही खोलीत बसवायचा आणि पुस्तकं पोत्यात भरून पेंडीच्या गोदामात टाकायची. पेंडीचं गोदाम! तिथले उंदीर मांजरालाही मोजत नव्हते.

सारजानं चेअरमनसमोर पत्रिका ठेवली ती त्यासाठीच. चेअरमन म्हणाले, "बरं, जाऊ आपण. मोठा माणूस काय म्हणतो ते ऐकू. तो म्हणला पुस्तकांचं दिवस सरलं, तर टीव्ही. तो म्हणला ऱ्हाऊ द्या, तर ऱ्हाऊ दे तुझी खोली. मी शब्दाचा पक्का हाय."

तेवढ्या एका अनोळखी माणसावर सारजाचा सगळा भार. एसटीत बसल्यापासून ती मनात एकच घोकत होती, देवा, पाहुणा वाचणारा निघू दे.

सभा बारामतीजवळच्या जळोचीच्या शाळेत होती. बघते तर काय, स्टेज नाही, माईक नाही, खुर्च्या गोल मांडलेल्या. शाळेच्या हेडसरांना ही बिनहाराची सभा काही केल्या पचेना. त्यांनी कुणाला न सांगता एक हार आणून ठेवला होता. कडक इस्त्रीचे, टोपी तिरपी घातलेले आप्पासाहेब दारात दिसले मात्र, सरांनी तो हार थेट त्यांच्याच गळ्यात घातला आणि टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. आता कुणी हार घातला तर काढायचा कसा? आप्पासाहेब हारासकट बसले.

मग दीपक उभा राहिला. बारामतीत त्याचं पुस्तकांचं छोटं दुकान होतं आणि ही सभा म्हणजे त्याच्याच डोक्यातलं खूळ. तो म्हणाला, "मंडळी, आज पाहुणा कुणी नाही. अध्यक्ष नाही. जो आला तोच वक्ता. विषयही तुम्हीच काढायचे."

आप्पासाहेब सारजाच्या कानाशी लागले. "पाहुणाच न्हाय? मग निकाल कोण देणार? फुकट हेलपाटा झाला की. च्या पिऊ आन् निघू. टीव्हीचं बघाय लागंल आता."

ज्याच्यावर सारजानं आशा ठेवली तो माणूस मुळी नव्हताच! आणि इकडं गोलातली माणसं नुसती एकमेकांकडं बघत बसलेली. तुमी बोला. छे छे, आधी तुमी. मोठ्यांनी सुरुवात करावी. मोठे कोण, तेच ठरेना.

शेवटी जळोचीच्याच छबूबाई वैतागल्या. पिकल्या केसांची बाई, वाचणारी नातवंडं घरात, घरची गाई-गुरं सोडून आलेली. "आरं, काय गुळणी धरून बसलाय? कालव्याच्या पाण्याची पाळी लावता नव्हं तुमी? तशी बोलायची लावा. टेलपासनं."

सगळे खो खो हसले. कारण कालव्याच्या शेवटाला, म्हणजे टेलला, आधी पाणी द्यायचं आणि मग वर सरकत यायचं हा कायदा इथं पोरासोरांनाही पाठ. आणि प्रत्यक्षात वरचे आधी पितात आणि टेलला चिखल येतो, हेही सगळ्यांना पाठ. टेलचं गाव कुठलं, याचा शोध घ्यावा लागला नाही. माना एकदम हाराकडं वळल्या.

आप्पासाहेब उठले. भाषण त्यांना नवं नव्हतं, पण पाहुण्याचे आभार मानता येत नसल्यामुळं सुरुवात सुचेना. मग त्यांनी खरं तेच सांगून टाकलं. "आमच्याकडं एक खोली हाय. पुस्तकं हायत, कपाटं भरून. टीव्ही आणायचा म्हणून ती गोदामात टाकाय निघालोय. तर पुस्तकांचं पुढं काय, ते मला तरी ठावं न्हाय. तुमीच सांगा."

एवढं म्हटलं आणि सभा पेटली. कुणी म्हणालं, टीव्ही आणाच, पोरं त्याशिवाय फिरकत नाहीत. कुणी म्हणालं, टीव्ही बघून डोळे दुखले की पोरं येतात परत. एकानं पुस्तकांत काही राम उरला नाही म्हटलं, तर शेजारच्यानं शेवटचं कधी उघडलं होतंस ते विचारून त्याला गप्प केलं. तेवढ्यात कालव्याच्या वरच्या अंगाच्या सांगवीचे दादासो पाळी मोडून उभे राहिले. सांगवीत वाचनालयाची इमारत बांधून झाली होती, आत ठेवायला पुस्तकं नव्हती.

"चेअरमन, गोदामात कशाला टाकता?" दादासो म्हणाले. "आमाला द्या. उद्याच्याला टेम्पो लावतो. कपाटांसकट नेतो."

आप्पासाहेबांनी हार सारखा केला. आता पाळी सारजाची होती.

ती उठली. सांगवीला पुस्तकं गेली तर आपल्या हाती राहतो झाडू. पण गोदाम डोळ्यांपुढून हलेना. "घेऊन जावा," ती म्हणाली. "उंदरांनी खाण्यापरीस माणसांनी वाचलेली बरी. एवढंच करा, आमच्या बायका कवा आल्या तर त्यास्नी न्हाय म्हणू नका." ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घातलं.

"टेम्पो सकाळीच येईल, ताई," दादासो आनंदानं म्हणाले.

आणि आप्पासाहेब ताडकन उठले. हाराचा दोरा तुटला आणि झेंडू घरंगळत गेले.

"कुणाचा टेम्पो? कुठं येतोय? दादासो, वर बसून आमचं पाणी पिता ते पिता, आन् आता पुस्तकंबी वढून न्हेता व्हय? आमच्या टेलला काय ठेवायचंच न्हाय का? एक पान मिळायचं न्हाय! टेम्पो गावाच्या शिवंवर दिसला तर चाकातली हवा सोडीन!"

"पण चेअरमन, तुमी तर गोदामात..."

"आमची पुस्तकं हायत! आमच्या खोलीत ऱ्हातील! टीव्ही माझ्या ओसरीवर बसंल, बघणारं तितं येतील."

मग छबूबाईंनी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. बिचारे दादासो तेवढे हिरमुसले. दीपकनं त्यांना जवळ बसवून घेतलं आणि सांगवीसाठी कुणाकडं जास्तीची पुस्तकं आहेत ते तिथंच विचारायला सुरुवात केली. सारजाला काहीच ऐकू येत नव्हतं. छातीवरची धोंड उतरल्यासारखी ती बसली होती, हसत होती आणि रडतही होती. चहा आला तो तिनं बशीत ओतून चवीनं प्यायला. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, हे तिला आत्ता कळलं.

परतीच्या एसटीत आप्पासाहेब खिडकीशी बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "सारजाबाई, एवढा भांडलो मी. हायत तरी काय त्या पुस्तकांत? उद्या कुणी विचारलं तर सांगाय पायजे."

सारजा एका पुस्तकातल्या बाईची गोष्ट सांगायला लागली. इंदापूरचा स्टँड आला, गाडी थांबली, माणसं उतरली, तरी चेअरमन जागचे हलले नाहीत. "थांब," ते म्हणाले, "पुढं काय झालं त्या बाईचं?"