झाकलेले अंगुस्तान

मित्रांनो, मला जवळून पाहा, पण मधल्या लांब चिरेला बोट लावू नका. तिथे मी अजून हुळहुळते. मी पॅरिसमधले एक जुने तैलचित्र आहे.

मला बार्नाबे नावाच्या चित्रकाराने रंगवले. त्याचे वडील जन्मभर चर्चसाठी संत आणि महालांसाठी उमराव रंगवत आले. बार्नाबेच्या काळात मात्र शिंपी, घड्याळजी, दुकानदार यांचे बरे चालू लागले आणि त्यांनाही आपला चेहरा भिंतीवर हवासा वाटू लागला. पेरीनबाई त्यांतलीच. शिवणकाम करता करता तिने कपड्यांचे मोठे दुकान उभे केले होते. बार्नाबेने तिला रेशमी झग्यात रंगवले, पण बोटात सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी अंगुस्तानही रंगवले.

"हे कशाला हो? लोक म्हणतील, अजून शिवतेच आहे!"

"शिवलंत म्हणूनच हा दिवाणखाना आला ना, बाई?"

मला दिवाणखान्यात टांगल्यावर ते अंगुस्तान पाहून पाहुण्या तोंडाला रुमाल लावून हसल्या. तेव्हा पेरीनबाईने दुसरा चित्रकार बोलावला. त्याने घाईघाईत, माझे वार्निश न खरवडताच, अंगुस्तानावर हस्तिदंती पंखा चढवला. मग मात्र जो तो म्हणू लागला, "अगदी सरदारीणच!" ती फुलून गेली, आणि खरे सांगते, मीही.

पुढे क्रांती पेटली. लपलेले उमराव शोधत जमाव आमच्या जिन्यावर चढला. म्हातारा दारवान गास्पार वाटेत आडवा आला. त्याच्या कपाळावर कुऱ्हाडीचा घाव बसला. रक्ताचे शिंतोडे माझ्या चौकटीवर उडाले. तो पुन्हा उठलाच नाही.

ओदिल नावाच्या धोबिणीने पेरीनबाईला केसांना धरून फरफटत माझ्यासमोर आणले.

"पंखा बघा, पंखा! उमरावीण सापडली!"

"नाही हो ताई, मी शिंपीण आहे!"

"तू शिंपीण, तर मी फ्रान्सची राणी!"

खाली चौकात दिव्याच्या खांबाला फाशीचा दोर बांधून तयार होता. ओदिलने हातातला भाला आधी माझ्यात खुपसला आणि खाली ओढला. मी टरकन फाटले. गुळगुळीत वार्निशवर नीट न धरलेला तो पंखा खपल्या होऊन गळून पडला, आणि खालून पितळ चमकले.

ओदिल थबकली. तिने पेरीनबाईचे तेच बोट पकडून दाबले. वर्षानुवर्षे सुई ढकलून ते निबर झाले होते.

"थांबा रे! ही आपल्यातलीच आहे," ती ओरडली. मग पेरीनबाईकडे वळली, "अगं भवाने, मग हे झाकलंस कशाला?"

 पेरीनबाई गास्पारपाशी जाऊन बसली. त्याचे कफन तिने तेच अंगुस्तान बोटात घालून, एकेक टाका घालत शिवले. देवाने तिला वाचवले खरे, पण तिच्या दारात त्या म्हाताऱ्याचा जीव गेला होता.

नंतर मी किती तरी काळ माळ्यावर उंदरांच्या सोबतीने पडून होते. आता तुम्ही मला खाली आणले आहे, तर माझी धूळ मऊ फडक्याने टिपा, ओलीपासून मला जपा. चीरही सांधा हवी तर. फक्त एवढेच करा, मित्रांनो, माझ्या हातात पुन्हा पंखा देऊ नका.