महासत्तांचं टेबल आणि माझी चप्पल

"आपल्या हॉलमधलं टेबल डुगडुगलं, तर मिशी काढून हातात देईन," असं मी सकाळी बायकोला छाती फुगवून सांगितलं. दुपारी जेवताना वरच्या ओठाला गार वारा लागत होता.

त्याचं असं झालं. जगातल्या दोन सगळ्यात मोठ्या देशांचं भांडण चाललं होतं. ते मिटवायला त्यांना अशी जागा हवी होती, जिच्याबद्दल दोघांनाही काडीचं कौतुक नाही. ती आमच्या गावात सापडली. मी इथल्या सार्वजनिक हॉलचा व्यवस्थापक. लग्नं, रक्तदान, डोळे तपासणी, आणि आता जागतिक शांतता. कपबशा त्याच.

भांडण एका सामुद्रधुनीवरून होतं. ती बंद कुणी केली असं विचारलं की दोघंही समोर बोट दाखवायचे. आत जहाजांची ही गर्दी अडकलेली, आणि त्यातल्या एका जहाजाच्या इंजिनावर आमचे जावई. इकडे पोरीला नववा लागलेला. ती रोज फोनवर विचारायची, "कधी येताय?" जावई म्हणायचे, "आज काही खरं नाही. आज शेजारच्या जहाजावर कॅरम आहे." जहाजं इतकी खेटून उभी होती, की होडीत बसून एकमेकांकडे जाणं-येणं सुरू झालं होतं.

"अहो, ते दोघं तुमच्याच हॉलात बसणार ना?" बायको म्हणाली. "मग सांगा की त्यांना."

"काय सांगू?"

"पोरगी अवघडलीय म्हणून. एवढी मोठी माणसं, त्यांना कळणार नाही?"

पण मोठ्यांचं काम मोठं. एकाच्या टेबलावर दुसरा बसेना, आणि आमच्या टेबलावर तर दोघंही बसेनात. शेवटी प्रत्येकानं आपापल्या देशातून अर्धं अर्धं टेबल विमानानं पाठवलं. मी आ वासून बघत राहिलो. लाकूड असं, की हात लावायच्या आधी हात धुवावेसे वाटावेत. दोन्ही अर्ध्यांना बाहेरच्या टोकाला दोन दोन पाय. मधे, जिथे दोन महासत्ता जुळणार, तिथे अधांतरी. तिथला एक जाडजूड पाय तेवढा आमच्या सुतारानं करायचा. जगाचा तोल आमच्या सुताराकडे आला, या विचारानं मला रात्रभर झोप नाही.

पाय अगदी मापात झाला. फरशीला ओरखडा नको म्हणून मी त्याच्या तळाला रबरी टोपी बसवायला लावली.

"साहेब, टोपी मापात धरली नव्हती हं," सुतार म्हणाला.

"टोपीनं काय होतंय!"

काय होतंय ते बैठक सुरू झाल्यावर कळलं: मधला पाय टोपीएवढा उंच झाला होता. खिडकीकडे बसलेल्या मोठ्या साहेबांनी कोपर टेकलं आणि दाराकडच्या मोठ्या साहेबांचा पेला त्यांच्या नाकापर्यंत वर आला.  दाराकडच्यांनी आपली दोन्ही कोपरं टेकली. आता खिडकीकडची बाजू वर. मग खिडकीकडच्यांनी जाड फायली मागवल्या. दाराकडच्यांनी त्याहून जाड. खिडकीकडून एक सेनापती ओणवा झाला, तर समोरून दोन. ज्यांच्या एका शब्दावर समुद्र बंद होतात, ती माणसं लालबुंद होऊन टेबल दाबत होती! मी चहाचा ट्रे घेऊन उभा. डोळ्यांचं पारणं फिटलं. सामुद्रधुनीचं मात्र कुणी नाव काढेना.

चहाची सुट्टी झाली. हॉलच्या स्वयंपाकघरात बायको चहा गाळत होती. तिनं वस्तरा पुढे केला.

"आधी पोरीचं बघू दे," मी म्हणालो. पायातल्या दोन्ही चपला काढल्या, बटाटे चिरायच्या सुरीनं दोन्ही टाचांचे तुकडे कापले, आणि हॉल रिकामा आहे तोवर टेबलाच्या दोन्ही टोकांच्या पायांखाली सरकवले. एक चप्पल इकडे, एक तिकडे. कुणावर अन्याय नको. मग येऊन मिशी दिली.

सुट्टीनंतर खिडकीकडच्यांनी कोपर टेकलं. काही नाही. दाराकडच्यांनी टेकलं. काही नाही. दोघांनी जीव खाऊन दाबलं, टेबल पहाडासारखं ढिम्म. मग बराच वेळ काहीच झालं नाही. यालाच बहुतेक शांतता म्हणत असावेत. कंटाळून त्यांनी सह्या केल्या.

दोन सह्या! आणि तिकडे कुठे लांब समुद्रात इंजिनं धडधडायला लागली असतील, या कल्पनेनं माझ्या अंगावर काटा आला. बायकोनं पोरीला फोन लावला. पोरगी हसता हसता रडायला लागली.

इकडे दोन्ही बाजूंचे शिपाई आपापलं अर्धं टेबल खोलायला बसले. खाली चपलेचे तुकडे सापडले. ते चिमट्यानं उचलून पांढऱ्या कापडावर ठेवले, मापले. खिडकीकडचा तुकडा जाड निघाला. मी उजवा पाय घासून चालतो, त्यामुळे उजवी टाच झिजलेली. ती दाराकडे गेली होती.

"म्हणजे करारावर सही होताना आमची बाजू खाली होती!" दाराकडचे साहेब उठून उभे राहिले.

मी पुढे झालो. "साहेब, ती माझी चप्पल आहे."

दुभाष्यांनी दोन्ही भाषांत सांगितलं. सगळे माझ्या पायांकडे, मग तोंडाकडे बघत राहिले. दिवसभरात पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं, की हा माणूस थापा मारतोय. एवढं मोठं कारस्थान एका चपलेचं असूच शकत नाही.

करार फाटला. सामुद्रधुनी पुन्हा बंद झाली. मधल्या वेळात एकच जहाज बाहेर सुटलं होतं. रेडिओवर त्याचं नाव ऐकलं आणि मी अनवाणी नाचलो. जावयांचंच!

तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"बाबा, आमचं जहाज सुटलं."

"कळलं, कळलं! कुठवर आलात?"

जहाज इंजिनावरच्या त्यांच्या मदतनिसानं बाहेर काढलं होतं. जावई शेजारच्या जहाजावर कॅरम खेळत होते.