रुमालाखालचा भाव

डाग केळीच्या चिकाचा होता. तो कशानंही जात नाही हे ठाऊक असूनही या माणसानं आज नेमका पांढरा शर्ट घातला होता, आणि त्या तपकिरी डागाची बाही गाडीच्या लाल बॉनेटवरून सावकाश फिरत होती, म्हशीच्या पाठीवरून फिरावी तशी... हो, थोपटलंसुद्धा त्यानं. ओसरीवरच्या खुर्चीत बसून प्रमिला पाहत होती. आता हा तिचं तोंड उघडून दात मोजेल, असं तिच्या मनात आलं. आणि त्यानं खरोखरच बॉनेट उघडलं.

हा चोपड्याचा हिलाल. केळीत पैसा झालेला. येत्या वैशाखात मुलाचं लग्न, आणि वरातीला घोडा नको, ही उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी विलायती गाडी हवी. धुळ्याच्या कोर्टात तारखेला आला असताना त्यानं ती कधीतरी पाहिली होती, आणि वकीलसाहेब वारल्याचं कळल्यावर त्याला सर्वांत आधी आठवली ती गाडी. निदान तो ते लपवत तरी नव्हता.

“घोडा रोज खावाले मांगस,” तो भाईदासला समजावून सांगत होता, “हाई नुसती उभी राहस. पोर्‍यानं लगीन व्हयनं की तालुकाभर भाड्यानं देसू.”

वरातीचा घोडा! सोळा वर्षं रविवारच्या रविवार तिच्या नवऱ्यानं, पितांबरनं, पिवळ्या फडक्यानं पुसलेली गाडी अखेर बँडच्या मागून, मुंडावळ्या बांधून चालणार होती. तिला हसू आलं. हसू आलं याचं बरं वाटलं.

भाईदास, तिचा दीर, सकाळीच धरणगावाहून एस.टी.नं आला होता. कारण असले व्यवहार बायकांनी करायचे नसतात. मुलींच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या बाईला दोन माणसांशी बोलता येणार नव्हतं, आणि आयुष्यात सायकलीपलीकडे काही न चालवलेल्या भाईदासला गाडीची किंमत करता येणार होती. शिवाय हिलालनं सोबत आणलेला हा गिरधर. बैलबाजारातला दलाल. भाव म्हटला की तो गिरधरनंच करायचा, मग वस्तू बैल असो की विलायती गाडी. आणि तो तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून करायचा. त्या रुमालाखाली बाईचा हात कसा जाणार? तेव्हा भाईदास.

तिनं त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं: वीस हजार. जळगावला मेहरूणच्या तळ्याजवळ घेतलेल्या दोन खोल्यांचा शेवटचा हप्ता तेवढ्यात भागत होता. जूनमध्ये नोकरीतून निवृत्त झाली की ती तिकडे जाणार होती, आणि तिथं गाडी ठेवायला जागा नव्हती. हे सगळं खरं होतं. पण पहाटेपासून तिच्या आत आणखी एक इच्छा बसून होती, आणि ती या खरेपणाच्या अगदी विरुद्ध होती. यांनी आठ म्हणावं. फार तर दहा. हप्त्याची ओढाताण झाली तरी चालेल. पण चौऱ्याहत्तर साली, तिच्या पुण्याच्या एम.ए.साठी बाजूला टाकलेले पैसे घेऊन इंदूरच्या लिलावाला गेलेला आणि तिथून ही गाडी हाकत, चेहरा धुळीनं माखून आलेला तो माणूस खोटा ठरावा... “हिची किंमत वाढतच जाणार, प्रमिला, बघशील. पुण्याला काय, पुढच्या वर्षी जा.” पुढचं वर्ष आलं नाही. मग तिनं भांडण केलं नाही. भांडण बरोबरीच्या माणसाशी करायचं असतं. रविवारी तो फाटकाशी गाडी उभी करून विचारायचा, “येतेस? लळिंगच्या घाटापर्यंत.” ती म्हणायची, “वह्या तपासायच्यात.” दोनेक वर्षांनी त्यानं विचारणं सोडलं, आणि आपण जिंकलो असं तिला वाटलं. मग तो क्लबातल्या कोणाकोणाला मिरवत नेत असेल. तिनं कधी चौकशी केली नाही. तुच्छतेचा हा एक मोठा फायदा असतो, कुतूहलाची दगदग वाचते.

गिरधरनं पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली, कान लावला. मग चाकांशी उकिडवा बसला.

“पाय गयात हिना,” तो म्हणाला.

“पाय नवे बसवता येतात,” भाईदास म्हणाला. “बैलाला येतात का?”

“बैल विकताना मालक इतला बोलस नही, नाना.”

त्यानं दोन्हीकडची दारं उघडली, आत वाकला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

“हिलालभाऊ, आठे या. हाई दखा. चालवनारानी सीट फाटेल शे, दबेल शे. पन ही बाजूनी?” त्यानं तळहातानं कातडं दाबलं. ते कुरकुरलं. “कोरी करकरीत. एक बी मानूस बठेल नही हिनाम्हा.”

“एकलाच फिरे का वकील?” हिलाल हसला. आणि मग एकदम, उजळलेल्या चेहऱ्यानं: “भो, म्हंजे नवरीनी जागा कोरी शे!”

गिरधरनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू भर बाजारात त्यानं धोतर सोडलं असावं. पण शब्द सुटून गेला होता, आणि भाईदासनं तो वरच्यावर झेलला.

“दादा कोणाला बसूच देत नसत,” तो म्हणाला. “सख्ख्या भावाला नाही. एकदा म्हटलं, धरणगावाला सोडा. तर म्हणाले, एस.टी. आहे की. त्या सीटवर त्यांनी पिशवीसुद्धा कधी ठेवली नाही.”

भाईदासनं हे भाव चढवण्यासाठी म्हटलं असेल... नाही. भाईदासला एवढं खोटं रचता येत नाही. त्याच्याविषयीचं तिचं हे मत जुनं होतं आणि पक्कं होतं. ओसरीवरून तिला आतलं काही दिसत नव्हतं, फक्त उघडं दार. उठून पाहावंसं वाटलं. ती उठली नाही.

मग रुमाल आला. गिरधरच्या खांद्यावरचा, मळका, चौकडीचा. दोन पुरुषांचे हात त्याच्याखाली गेले आणि कापड लहानशा जनावरासारखं हलू लागलं. गिरधर आकाशाकडे पाहत होता, भाईदास जमिनीकडे. हिलाल मात्र गाडीभोवती फिरत त्या दाराशी पुन्हा पुन्हा थांबत होता, आणि तो थांबला की रुमाल अधिकच हलत होता. काय हा पोरखेळ, ती मनाशी म्हणाली. पण त्या शब्दांना आता धार नव्हती; सवयीनं म्हटल्यासारखे ते म्हटले गेले.

भाईदास ओसरीशी आला. कपाळावर घाम. खाली वाकून, आवाज उतरवून म्हणाला, “वहिनी, पंचेचाळीस.”

तिनं गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

“तुम्ही वीस म्हणाला होता. पंचेचाळीस देतोय तो, त्या एका सीटपायी. गिरधर तर दात खातोय. हो म्हणू ना?”

पंचेचाळीस. म्हणजे तो बरोबर होता. की... त्या भावातला मोठा हिस्सा तिनं घातला होता, वह्या तपासत, एकेक रविवार? तिनं नेहमीची ती थंड, नीटनेटकी तुच्छता हुडकली. हिलालसाठी ती अजून होती. भाईदाससाठी तर भरपूर होती. पितांबरच्या जागी हात घालावा तर तिथं काहीतरी गरम होतं.

एकटेच जात होतात. लळिंगपर्यंत एकटे, आणि येताना एकटे. पिशवीसुद्धा नाही. मग सांगायचं होतं. मी नाहीच म्हणत होते, नाहीच म्हटलं असतं कदाचित तिसऱ्या वर्षीही, पाचव्या वर्षीही... पण माझ्या एका ‘नाही’वर इतकी वर्षं शहाण्यासारखं गप्प बसायला तुम्हांला कोणी सांगितलं होतं? कोर्टात तर गप्प बसत नव्हता. आणि पुण्याचे पैसे, त्यांचं काय?

“वहिनी, ते वाट पाहताहेत.”

फाटकाजवळ हिलाल हसतमुखानं उभा होता. गिरधर रुमाल झटकून पुन्हा खांद्यावर टाकत होता. प्रमिलानं दोघांकडे पाहिलं आणि तिला ते नीटसे दिसलेच नाहीत. कानशिलं तापली होती. पितांबर गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत एकदाही आला नव्हता, सोळा वर्षांत कधी येऊ दिला नव्हता, तो राग छातीतून वर चढत होता. काल रात्री, अर्ध्या बोलण्यातून उठून, न सांगता घराबाहेर पडलेल्या माणसाचा यावा तसा, ताजा.