धुऱ्यावरचे तीन देव

बस मूर्तिजापूरच्या पुढं निघाली आणि प्रणालीच्या फोनवर तिच्या भावानं, अंकुरनं, फोटो टाकला. शेताच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या तीन देवांपैकी मधल्या देवानं कवच टाकलं होतं.

पन्नास वर्षांचा शेंदूर. थरावर थर चढत बोटभर जाड झालेला. सकाळी नारळ फोडताना आजीचा हात लागला, आणि ते अख्खं टरफल भुईमुगाच्या शेंगेसारखं उकलून खाली पडलं. आत दगड. एका अंगानं लाल रंगवलेला, दुसऱ्या अंगानं पांढरा. देवापुढं ओलं खोबरं, उगवतीचं ऊन, आणि त्या उन्हात दगडाचा लाल गाल कोणी नुकतंच मारल्यासारखा.

फोटोमागून भावाचा आवाज आला. "ताई, आजी म्हणते, देवानं अंग टाकलं म्हणजे देव खूश हाय. अकरा वाजता जेसीबी येऊन राहिला. देवाच्या पुढ्यातल्या जागेले हात नाही लावत. मागच्या अंगाले खोदतो शेततळं. तू तुह्या फौजीचा पत्ता लाव, मी पान्याचा लावतो."

प्रणाली हसली. मग तिनं फोटो पुन्हा पाहिला, आणि हसू जिथं होतं तिथंच वाळलं. कोणी बरं दगड रंगवून ठेवला असेल, असा अर्धा लाल, अर्धा पांढरा?

राजापेठेत शिकवणीचे वर्ग घेणाऱ्या प्रणालीनं आपला आजोबा पाहिलाच नव्हता. महादेवराव. फौजेत होता, इंजिनिअरांच्या पलटणीत. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर गेला, बहात्तरच्या उन्हाळ्यात नोकरी सोडून भातकुलीकडच्या आपल्या शेतात परतला, आणि चौऱ्याऐंशीत छातीत कळ येऊन गेला. मधली बारा वर्षं तो रोज संध्याकाळी त्या तीन दगडांजवळ बसे. बोलत नसे. नुसता बसे, जसं आजाऱ्याच्या उशाशी बसावं.

"मरायच्या आंधी मले समजू दे व बाई," सुभद्रा आजी चार महिन्यांपूर्वी म्हणाली होती, "तो तिथून असा काहून आला. गेला तवा हसता माणूस होता."

म्हणून प्रणालीनं पलटणीच्या दफ्तराला पत्र लिहिलं. उत्तर तीन ओळींचं आलं: भरती, बदली, सेवामुक्ती. मग आजीच्या ट्रंकेत आजोबाच्या पगाराच्या पुस्तकात एक घडी घातलेला कागद सापडला, आणि एक फोटो. दोन पोरं, खाकी हाफपँट, खांद्यावर फावडी. मागं शाईनं लिहिलेलं: "पंजाबराव, अकोला." माजी सैनिकांच्या संघटनेत विचारत विचारत ती आज अकोल्याच्या जठारपेठेत पोचत होती.

पंजाबरावांचं घर दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या सुनेनं, प्रतीक्षानं उघडलं. आत कूलर घरघरत होता आणि त्याच्यासमोर एक लांबसडक म्हातारा बनियनवर बसला होता.

"महादेवची नात?" त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाक तं तेच हाय. अक्कल आजीची असन तं बरं."

"बाबा!" प्रतीक्षा म्हणाली.

"अवं, खरं बोलून राहिलो. तो रोटी वाकडी भाजे अन् म्हणे, हा हिंदुस्थानचा नकाशा." म्हातारा हसला, मग खोकला. "बस, पोरी. पन्हं दे व तिले. काय पायजे तुले?"

"आजोबा तिथं काय करत होते, ते."

"शेती," पंजाबराव म्हणाले. "तुमच्या घरी कपाशी पेरते, आमी लोखंड पेरत जाओ. सुरुंग. रणगाड्यासाठी थाळीएवढे, माणसासाठी वाटीएवढे. ओळीत, पावलं मोजून. फरक एकच. कपाशी आपसूक वर येते. आमचं पीक आम्हालेच उकरून काढा लागे, एक न् एक. जितके पेरले तितके निघालेच पायजे."

"निघाले?"

म्हाताऱ्यानं कूलरकडं पाहिलं.

प्रणालीनं कागदाची घडी उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवली. पेन्सिलीनं काढलेली तीन वर्तुळं, एका ओळीत. मधल्या वर्तुळातून निघालेला बाण. बाणाच्या टोकाशी एक फुली. खाली दोनच ओळी: "धुरा. लाल तोंडाकडे १४ पावलं. कमरेइतकं."

"हे सरहद्दीवरचं असेल ना?" तिनं विचारलं.

पंजाबरावांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "धुरा," ते म्हणाले. "वाळवंटात धुरा कुठून आला, पोरी? धुरा तं आपल्या वावराले असते."

प्रणालीनं फोनवरचा सकाळचा फोटो त्यांच्यासमोर धरला.

म्हाताऱ्यानं फोटोवर वाकून पाहिलं. खालून भाजीवाल्याची आरोळी आली, गेली.

"दगड रंगवायची आमची रीत होती," शेवटी ते म्हणाले. आवाजातली थट्टा उतरली होती. "पांढरं तोंड असन त्या बाजूनं बिनधास्त चाल. लाल तोंड ज्या बाजूले, तिकडं मरण. दिशा कागदावर लिहीत नव्हतो. कागद हरवते, दगड हरवत नाही. दगडानंच सांगायचं."

"म्हणजे शेतात..."

"थांब. मले बोलू दे. पन्नास वर्सं नाही बोललो." त्यांनी प्रतीक्षाला खूण केली, ती कूलर बंद करून दाराशी उभी राहिली. "लढाई संपली. आमी उकरून राहिलो होतो. माह्या ओळीत एक कमी भरला. तीन दिवस शोधला, नाही सापडला. मी थकलो होतो, पोरी. साहेबापुढं लिहून देल्लं, जागेवर उडवला म्हणून. सही केली. काम संपलं, वही बंद झाली. घरी निघायचं होतं, त्या सकाळी महादेवले तो सापडला. थाळीएवढा, रणगाड्याचा. वाळूनं सरकून दुसऱ्याच जागी गेलेला. आतली सुई गंजून बसलेली, निघेना. सांगतलं असतं तं माही सही खोटी ठरे. मी जेलात जाओ."

"मग?"

"मंग काय. त्यानं तो घोंगडीत गुंडाळला अन् माह्यासंग गाडीत बसला. ट्रंक खाली. घोंगडी मांडीवर. दोन दिवस, दोन रात्री. जेवला नाही, निजला नाही. गाडीनं हिसका देल्ला की घोंगडी दोन्ही हातानं उचलून धरे. डब्यातली एक बाई म्हणे, लेकरू हाय का हो, तोंड तं दाखवा." पंजाबरावांनी बनियनला चष्मा पुसला. "भुसावळले मले सांगतलं काय हाय ते. अकोल्याले मी उतरलो. तो बडनेऱ्याले गेला. मले वाटलं, पूर्णेच्या डोहात टाकून देईन. पन डोहात पोरं पोहते. विहिरीत टाकावं तं गाव पानी पेते. म्हणून त्यानं सोताच्या वावरात पुरला असन, डोळ्यापुढं राहावा म्हणून. मी त्याले कधी पत्र नाही टाकलं. भेव वाटे. उत्तर येईन म्हणून."

कूलर बंद झाल्यावर खोली भट्टीसारखी तापत होती. आजोबा रोज संध्याकाळी तिथं का बसे, ते प्रणालीला उमगलं होतं. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती आत्ता, या घडीला, तिथं चालली होती.

"आजोबा, तिथं जेसीबी आलाय आज. माझा भाऊ खोदून राहिला."

"कोण्या अंगाले?"

"देवाच्या मागं. पुढ्यात नाही."

पंजाबरावांनी फोन हिसकावून घेतला. "लाल तोंड उगवतीकडं. पुढं. तो मागं खोदून राहिला, म्हणजे पांढऱ्या अंगाले." त्यांनी डोळे मिटले. "वाचला. पांढऱ्या अंगाले काही नाही. पन थांबव त्याले. पुढच्या अंगाले चूल नको, खुंटी नको. पोलिसाले कळवा."

प्रणालीनं अंकुरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू येत नसणार. मग आजीचा बटणांचा फोन. तो दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

"आजी, तू कुठं आहेस?"

"देवापाशी. कवच पदरात घेऊन बसली. नदीत सोडा लागते ना ते." मागं यंत्राची घुरघुर होती, आणि तिच्याखालून आजी गुणगुणत असल्याचा सूर. ही ओवी प्रणालीनं लहानपणापासून ऐकली होती:

पहिली माझी ओवी, धुऱ्याच्या देवायले
तिघं भाऊ बसले, रान राखायले

दुसरी माझी ओवी, फौजीच्या गाठोड्याले
घोंगडीत काय आणलं, सांगेना बायकोले

दुसरी ओवी प्रणालीला आज पहिल्यांदा कळली. इतकी वर्षं ते गाण्यात होतं. उघड्यावर होतं. वाटीतल्या कुंकवासारखं.

"आजी, नीट ऐक. देवाच्या पुढ्यात कोणाला जाऊ देऊ नको. तिथं जमिनीत वाईट चीज आहे. आजोबानं पुरलेली."

"पुढ्यात?" आजी म्हणाली. "पुढ्यात तं दरसाल आपण गोवऱ्यांवर रोडगे भाजतो व."

"हो, पण लाल तोंड तिकडं आहे ना."

"ते तं म्या फिरवलं."

प्रणालीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय फिरवलं?"

"देव. तो गेला त्या साली. तिन्ही देव मावळतीले तोंड करून बसले होते. देवाचं तोंड उगवतीले पायजे का नाही? तो जित्ता होता तवर हात नाही लावू देल्ला. नुसता शेंदूर लावू दे. म्हणे, लाव, लोकं देवाले तरी भेतीन. तो गेला अन् म्या शालिकराम गड्याले बोलावलं, कुदळीनं तिन्ही देव सरळ करून घेतले. मागचा तुकडा पेऱ्यात आला, पुढचा देवाले सोडला."

फोन स्पीकरवर होता. पंजाबराव उठून उभे राहिले होते. काठी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"पोरी," ते कुजबुजले, "मागं. तो मागंच खोदून राहिला."

"आजी! यंत्र बंद कर! आत्ता! अंकुरला हाक मार!"

"त्याले ऐकू नाही येत माय, घुर्र घुर्र..."

"जा! त्याच्यापुढं जा!"

फोन बहुतेक पदरात पडला. प्रणालीला आता फक्त कापडाचा खसखस आवाज, धापा, आणि मोठी मोठी होत गेलेली घुरघुर ऐकू येत होती. त्र्याहत्तर वर्षांचे पाय ढेकळांतून चालत होते. एकदा धाप अडखळली. प्रतीक्षानं तोंडावर पदर घेतला. घुरघुर इतकी वाढली की फोन थरथरू लागला. त्या आवाजाच्या आत कुठंतरी आजीचा आवाज होता, हाक नाही, किंकाळी नाही. शेतात शिरलेल्या ढोराला हाकलतात तसा: "हाऽऽ! हाऽऽ रे!"

आणि मग एकदम काहीच नाही.

तीन खोल्यांच्या त्या घरात तिघं जण काहीच नसण्याकडं कान लावून उभे होते.

"काय झालं, आजी?" लांबून अंकुरचा आवाज आला. वैतागलेला, जिवंत. "मरायचं हाय काय मशीनपुढं येऊन? नितेशनं मशीन थांबवली नसती तं!"

फोन पंजाबरावांनी घेतला आणि आजीला तिचा फोन अंकुरच्या हाती द्यायला सांगितलं. त्यांचा आवाज बदलला होता. पन्नास वर्षांपूर्वीचा असावा, असा सपाट आणि स्वच्छ.

"अंकुर, मी तुह्या आजोबाचा दोस्त. जागचा हलू नको. मधल्या देवापासून खड्डा किती पावलावर?"

"दहा पावलं सोडून चुना टाकला. तिथून आत गेलो चार-पाच. काहून?"

"बकेट कुठं हाय?"

"जमिनीत. दात रुतले आत्ताच."

"खोल किती?"

"मांडीपर्यंत. कमरेले लागतच आलं."

पंजाबरावांनी डोळे उघडेच ठेवले. "नितेशले म्हणावं, चावी काढ. बकेट उचलायची नाही. वर नाही, खाली नाही, मागं नाही. यंत्र हाय तिथं सोड. खड्ड्याच्या उलट्या बाजूनं उतर, अन् चाकाच्या मागावर पाय ठेवत ये. आजीले धर. सारे नाल्यापल्याड जा. धावू नका. चाला."

पावलं ऐकू येत राहिली. मग नाल्याच्या रेतीचा कुरकुरता आवाज आला, आणि नितेश कोणाला तरी म्हणाला, "भाऊ, माहे पाय काहून कापून राहिले?"

"वयनी," पंजाबराव फोनमध्ये म्हणाले. "वयनी, मी पंजाबराव. त्यानं माह्यासाठी..." ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

प्रणाली भातकुलीला पोचली तेव्हा उन्हं उतरू लागली होती. अंकुरनं अकोल्याचा फोन ठेवताच ठाण्याला कळवलं होतं. पोलिसांनी रस्त्याला दोरी बांधली होती. सुरुंग काढणारी माणसं जिल्ह्याच्या गावाहून निघाली होती, पोचायची होती. नाल्यापल्याड बाभळीखाली सगळे बसले होते, आणि समोर काळ्या रानात ते पिवळं यंत्र एकटंच उभं होतं, दात जमिनीत रोवून, खाली काहीतरी हुंगत असल्यासारखं. त्याच्या पलीकडं तीन देव. दोन शेंदराचे, एक उघडा. उघड्याचं लाल तोंड दुसरीकडंच.

आजीच्या पदरात ते कवच अजून होतं. प्रणाली शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं: सही, वाळू, गाडी, दोन दिवस. आजी ऐकत राहिली.

"म्हणजे घोंगडीत ते होतं," आजी म्हणाली. "म्या दारात इचारलं, काय आणलं माह्यासाठी? तो म्हणे, सुभद्रे, दूर हो. बारा वर्सं मले वाटलं, तिकडची कोणी होती. तिचं लुगडं असन त्यात."

"आजी..."

"जड असन ना व ते?"

"असेल."

"दोन दिवस मांडीवर." आजीनं आपले दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले, आणि त्यांच्यावर कवच ठेवून वजन केल्यासारखं थोडं वर उचललं. "मले सांगतलं असतं तं म्या धरलं असतं घडीभर."

समोर यंत्राच्या बकेटवरून एक ढेकूळ सुटलं आणि खड्ड्यात पडलं. धप्प. लहानसा आवाज. आजीनं कवचावर हात झाकला, जसा झोपलेल्या पोराच्या कानावर झाकतात, आणि ओठ न हलवता ओवी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.